मुद्देमालातले कपडे

सातारा,
शुक्रवार, रात्री

चि. सई हिस,


तुझा मेसेज मंगळवारी रात्री आला. उत्तर तेव्हाच द्यायचं होतं, पण अशा गोष्टीला फोनवरच्या चार ओळी पुरत नाहीत. म्हणून तीन दिवस घेतले आणि आज कागद पुढे ओढला.

संध्याकाळी साडेसहाला तू पुण्यात बसस्टॉपवर उभी होतीस. गुडघ्यापर्यंतचा निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, खांद्याला सॅक. एक माणूस मागून आला, त्याने अंगाला हात घातला आणि चालत निघून गेला. ‘पळालासुद्धा नाही,’ असं तू लिहिलंस. तेच वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. त्याला पळायची गरजच वाटली नाही. स्टॉपवर सात-आठ माणसं होती. एकाने मोबाइलमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. घरी आल्यावर आईने आधी जवळ घेतलं आणि मग विचारलं, “काय घातलं होतंस?” तू तो स्कर्ट कपाटात तळाला, जुन्या चादरींखाली ठेवून दिलास आणि मला विचारलंस, “मावशीआजी, माझं काही चुकलं का?”

नाही. सई, तुझं काहीही चुकलेलं नाही.

पत्र इथेच संपवलं तरी चालेल, इतकं हे उत्तर पुरं आहे. पण ते तुला रोज सांभाळावं लागणार. घरातून, शेजारातून, कधी तुझ्याच मनातून कोणीतरी ते हिसकावून घ्यायला येईल. म्हणून मी जे पाहिलं ते तुला सांगून ठेवते.

जवळजवळ चाळीस वर्षं मी वकिली केली, त्यातली बरीचशी सत्र न्यायालयात सरकार पक्षातर्फे. बलात्काराचे, विनयभंगाचे, लहान मुलांवरच्या अत्याचाराचे खटले माझ्याकडे येत. अशा गुन्ह्यात पोलीस त्या बाईचे किंवा मुलीचे अंगावरचे कपडे जप्त करतात. दोन पंचांसमोर पंचनामा होतो. कपडे सावलीत वाळवून खाकी कागदात बांधतात, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतात, दोऱ्याच्या गाठीवर लाख ओतून सील करतात. ते पाकीट रासायनिक विश्लेषकाकडे जाऊन परत येतं आणि खटला उभा राहीपर्यंत मुद्देमालाच्या खोलीत पडून राहतं. मग एके दिवशी न्यायाधीशांसमोर सील तोडतात आणि साक्षीदाराला दाखवतात: हेच का ते कपडे?

ती पाकिटं उघडताना मी किती वेळा पाहिली याचा हिशेब ठेवला नाही. पण आत काय निघालं ते विसरणं मला जमलेलं नाही. शाळेचा निळा पिनोफ्रॉक, खिशावर शाळेचा बिल्ला. नर्सचा पांढरा गणवेश. काळा बुरखा. ऊसतोडीला आलेल्या एका बाईची साडी आणि त्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण पाचटाने हात कापतात म्हणून फडातल्या बाया साडीवर पुरुषाचा शर्ट घालतात. साठी उलटलेल्या एका आजींचं नऊवारी लुगडं. एकदा एवढासा फ्रॉक निघाला, त्याच्या छातीशी सेफ्टी पिनने रुमाल लावलेला होता, बालवाडीत पाठवताना आया लावतात तसा. त्या दिवशी न्यायाधीशांनी दहा मिनिटं कामकाज थांबवलं होतं. आणि हो, जीन्सही निघाली. तीही त्याच यादीत, इतर कपड्यांसारखीच.

आता तू मला सांग, या सगळ्या कपड्यांत काय सारखं होतं? मी पुष्कळ शोधलं. कापड नाही, लांबी नाही, रंग नाही, धर्म नाही, वय नाही. सारखी होती ती फक्त त्यांच्यावर हात टाकणाऱ्याची खात्री, की आपल्याला कोणी विचारणार नाही. तुझ्या बसस्टॉपवरचा माणूस चालत गेला तो याच खात्रीने.

कायद्याच्या भाषेत ते कपडे म्हणजे पुरावा. कोणाविरुद्धचा? आरोपीविरुद्धचा. तुटलेलं बटण, फाटलेली शिवण, त्यावरचे डाग त्याच्याविषयी बोलतात. तिच्याविषयी ते काहीही सांगत नाहीत. पण न्यायालयाच्या पायऱ्या उतरून आपण रस्त्यावर आलो की तोच कपडा उलटा फिरतो आणि तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला लागतो. माझं आयुष्यभराचं भांडण या उलट्या साक्षीशी आहे. कपडा हा मुद्देमाल असतो, तो तिचा कबुलीजबाब कधीच नसतो.

न्यायालयाच्या आतही हे भांडण सोपं नव्हतं. उलटतपासात बचावाचा वकील उठायचा आणि विचारायचा, “घटनेच्या वेळी तुम्ही कोणते कपडे घातले होते?” प्रश्न रास्त आहे, मुद्देमालाची ओळख पटवायला तो लागतोच. पण पाठोपाठ यायचं, “ते तंग होते, हे खरं आहे का?” मग, “ओढणी घेतली नव्हती, हे खरं आहे का?” तिथून मुलीची मान खाली जायला लागायची. मी उठून हरकत घ्यायचे. ती कधी मान्य व्हायची, कधी नाही.

एक गोष्ट मी आजवर तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्या मुलींना समजवायचे, “उद्या साधा पंजाबी ड्रेस घालून ये. ओढणी नीट पिन कर. केस बांध.” एका मुलीकडे तसा ड्रेस नव्हता. ती शेजारणीकडून मागून, खांद्यांतून ओघळणारा ढगळ ड्रेस घालून आली आणि पूर्ण साक्षभर तो सावरत राहिली. मी खटला जिंकायला हे सांगत होते, पण त्या मुलीला कळलं ते एवढंच, की आपल्या वकीलबाईंनाही कपड्यांत काहीतरी खोट दिसते. ही माझी चूक होती. तुझ्या प्रश्नाला मी एवढ्या ठामपणे उत्तर देते आहे त्यात त्या मुलीचं देणं आहे.

आणि मी स्वतः? १९७५ साली कॉलेजात होते. पाचवारी साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, लांब बाह्यांचं ब्लाउज. एसटीच्या गर्दीत मागच्या माणसाने तेच केलं जे तुझ्या बाबतीत झालं. पुढच्या स्टँडवर उतरले आणि उरलेले चार मैल चालत घरी आले. आईला सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी माझ्या ब्लाउजची मागची बाजू दोन बोटं वर शिवून घेतली आणि पदराला लावायला मोठी सेफ्टी पिन दिली. ती पिन टोचायलाही उपयोगी पडते, हे बसमधल्या बायांनी मला शिकवलं. माझ्या आईला दुसरं काय करता येणार होतं? तो माणूस तिच्या हातात नव्हता. एसटी तिच्या हातात नव्हती, पोलीस ठाण्यात तिचं कोणी ऐकलं नसतं. हातात होतं फक्त माझं ब्लाउज. तुझ्या आईनेही तुला विचारलं ते त्याच भीतीने, म्हणून तिच्यावर रागावू नकोस. पण तिची भीती तुझ्या कपाटात ठेवूही नकोस. ब्लाउज दोन बोटं वर गेल्याने मला पुढे काही कमी सोसावं लागलं, असं झालेलं नाही.

तुला वाटेल, हे सगळं जीन्स-स्कर्ट आल्यापासूनचं असेल. मागे वळून बघ. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यातल्या शाळेत शिकवायला सावित्रीबाई फुले निघायच्या. अंगभर लुगडं, डोक्यावरून पदर. लोक त्यांच्यावर शेण, चिखल, खडे फेकायचे. सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जायच्या आणि शाळेत पोचल्यावर बदलायच्या. मला त्या पिशवीतल्या लुगड्याइतकी बोलकी वस्तू आपल्या इतिहासात दुसरी दिसत नाही. फेकणाऱ्यांचा राग कपड्यावर नव्हता, बाई रस्त्याने कुठे निघाली आहे यावर होता.

त्यानंतर तीसेक वर्षांनी काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायांत जोडे घालून, हातात छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या, तर लोकांनी त्यांना दगड मारले. अंग उघडं पडलं म्हणून नाही बरं, पाय झाकले म्हणून! जोडे आणि छत्री ही पुरुषांची मिरास होती. पुढे हीच आनंदीबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेली. तिथल्या लोकांनी सुचवलं असेल-नसेल, तिने साडी सोडली नाही. १८८६ साली ती डॉक्टर झाली ती साडीत. इथे जोडे घातले तेही तिच्या मनाने आणि तिथे साडी ठेवली तीही तिच्या मनाने. या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाही. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

केरळकडे, जुन्या त्रावणकोर संस्थानात तर उलटीच गोष्ट घडली. तिथे नाडर समाजाच्या स्त्रियांना वरचं अंग झाकायची मुभा नव्हती. झाकणं हा वरच्या जातींचा मान मानला जायचा. त्या बायांनी अंगावर वस्त्र घेतलं म्हणून त्यांना भर बाजारात मारहाण झाली, वस्त्रं फाडली गेली. अनेक दशकं त्या लढल्या आणि १८५९ साली संस्थानाला त्यांना अंग झाकण्याची परवानगी देणारा जाहीरनामा काढावा लागला, तोही वरच्या जातींसारखं नेसायचं नाही या अटीवर.

एका ठिकाणी उघडं म्हणून मार, दुसरीकडे झाकलं म्हणून मार. नियम दर गावी, दर पिढीला बदलत गेला. दगड मात्र तोच राहिला. म्हणून मला कोणी ‘आपली संस्कृती’ म्हणून सांगायला येतं तेव्हा मी विचारते, कोणत्या सालातली? माझी आजी काष्टा घालून चिखलात भातलावणी करायची तेव्हा तिच्या पोटऱ्या उघड्या असायच्या. कोळणी आजही गुडघ्यापर्यंतचं लुगडं घट्ट खोचून बंदरावर टोपल्या उचलतात. कोणी त्यांना संस्कृतीच्या बाहेर काढलं नाही. काम करणाऱ्या बाईच्या पोटऱ्या चालतात, आणि तीच बाई कॉलेजला, सिनेमाला, किंवा नुसती हवा खायला निघाली की लगेच कापडाचा हिशेब होतो. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, ती याच चिडीने: दोषांची यादी बाईच्या नावावर आणि तेच दोष पुरुषात असले तर त्यांची चर्चाच नाही. ताराबाईंचा प्रश्न आज दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर आला, तरी शिळा झालेला नाही.

तुझ्या शेजारच्या काकूंनी म्हणे सांगितलं, “अगं, घराला आपण कुलूप लावतोच ना?” हे कुलपाचं उदाहरण मी शेकडो वेळा ऐकलं आहे. त्याचं उत्तर तुझ्याजवळ असू दे. कुलूप कच्चं होतं म्हणून कोणत्याही न्यायालयाने चोराला सोडलेलं मी पाहिलं नाही. चोरी झालेल्या घरमालकाला कोणी विचारत नाही, की तुम्ही दागिने घरात ठेवलेच का होते. आणि त्याहून मोठी गोष्ट: तू तिजोरी नाहीस. तू वस्तू नाहीस, की तुला झाकून ठेवलं की सुरक्षित आणि उघडं ठेवलं की लोकांचं. तू बसची वाट बघत उभी असलेली माणूस आहेस.

शिवाय आकडे बघ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी त्या बाईच्या ओळखीतला असतो. नात्यातला, शेजारचा, लग्नाचं वचन दिलेला, कामावरचा. कपडे बघून अनोळखी माणसाचा तोल जातो, ही गोष्ट खरी असती तर हे आकडे असे नसते. २०२४ साली बदलापूरला बालवाडीच्या वयाच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या दिवशी कपड्यांचा उपदेश करायला कोणाची जीभ वळली नाही. मग मुलगी नेमकी कितव्या वर्षापासून दोषी धरायची? दहाव्या? सोळाव्या? काकूंना हे शांतपणे विचार. त्या वाईट नाहीत, त्यांनी हा हिशेब शेवटपर्यंत केलेला नसतो, एवढंच.

कायदाही एका दिवसात शहाणा झालेला नाही. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नसणार, असा तर्क होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. मी तेव्हा लॉ कॉलेजात होते. त्या पत्राची टंकलिखित प्रत हातोहात फिरत आमच्यापर्यंत आली. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक असतो, हे आम्हाला वर्गात नाही, त्या पत्राने शिकवलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं, खटले बंद दाराआड चालू लागले.

तरीही पुराव्याच्या कायद्यात एक कलम उरलं होतं. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई ‘अनैतिक वर्तनाची’ आहे असं दाखवून तिची साक्ष पाडता यायची. ते कलम रद्द झालं २००२ अखेरीस. तोवर मी वीस वर्षं त्या कलमाशी झुंजत होते. ते गेल्यावर पहिल्यांदा बचावाच्या वकिलाला मध्येच थांबवून “आता हे चालणार नाही” असं म्हटलं, तो दिवस मला माझ्या सनदेच्या दिवसापेक्षा जास्त आठवतो. मग २०१२च्या डिसेंबरात दिल्लीतली सामूहिक बलात्काराची घटना घडली. कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या न्या. वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ साली पाठलाग करणं, चोरून बघणं, बाईचे कपडे उतरवायला भाग पाडणं हे स्वतंत्र गुन्हे झाले.

पण कपडा न्यायालयाच्या डोळ्यांतून इतक्या लवकर हटत नाही. २०२१च्या जानेवारीत नागपूर खंडपीठाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात म्हटलं, की हात कपड्यावरून लागला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून बाललैंगिक अत्याचाराचा तो गुन्हा होत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि सांगितलं, की महत्त्व हेतूला आहे. पुढच्या वर्षी केरळातल्या एका सत्र न्यायालयाने जामीन देताना तक्रारदार बाईचे कपडेच ‘उत्तेजक’ असल्याचं लिहिलं. ते शेरे तिथल्या उच्च न्यायालयाने काढून टाकले. हे दोन निकाल शेजारी ठेवून बघ. कपडे कमी, तर दोष तिचा. कपडे पुरे, तर गुन्हा हलका. कपड्याच्या वाटेने गेलं की बाईला न्याय मिळायची जागाच उरत नाही.

वरच्या न्यायालयाने मात्र आता वाट स्पष्ट केली आहे. एका प्रकरणात उच्च न्यायालयाने आरोपीला जामिनासाठी पीडितेकडून राखी बांधून घ्यायची अट घातली होती. २०२१च्या मार्चमध्ये ती रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की न्यायाधीशांनी जामीन देताना बाईचा पोशाख, वागणं, पूर्वायुष्य यांवर भाष्य करायचं नाही. २०२३ साली सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या काळात न्यायाधीशांसाठी एक पुस्तिकाच निघाली. बाईचे कपडे तिच्या इच्छेची खूण मानणं हा पूर्वग्रह आहे, असं त्यात सरळ लिहिलं आहे. सई, मी वकिली सुरू केली तेव्हा असं काही छापील हातात असतं, तर तो ढगळ ड्रेस सावरणाऱ्या मुलीला मी वेगळं काही सांगितलं असतं.

तुझ्या मैत्रिणीचाही प्रश्न तू लिहिला होतास: हिजाब घालणारीचं काय, ती तर स्वतंत्र नाही ना? मी असं म्हणणार नाही. बुरखा, घुंघट, साडी, शॉर्ट्स यांची उतरंड लावायला मी बसलेली नाही. कोणी बळजबरीने डोकं झाकायला लावलं तर मी त्या मुलीच्या बाजूने उभी राहीन, आणि कोणी बळजबरीने ते ओढून काढलं तरीही तिच्याच बाजूने. अंगावर काय असावं हे ठरवणारा हात तिचा आहे का, एवढंच बघायचं.

खटला संपतो तेव्हा निकालपत्रात बहुधा शेवटी एक ओळ असते: मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. म्हणजे त्या मुलीचा आवडता ड्रेस कधीच परत येत नाही. दिवाळीला घेतलेला असला तरी नाही. बंगळुरूला जस्मीन पाथेजा यांनी २००३ साली ‘ब्लँक नॉइज’ नावाचं काम सुरू केलं. त्यात बायका त्रास झाला तेव्हा अंगावर असलेले कपडे घेऊन येतात आणि लोकांसमोर ठेवतात: हे घातलं होतं, आणि आम्ही हे मागितलं नव्हतं. ते कळलं तेव्हा मला माझी सगळी खाकी पाकिटं आठवली. तुझा स्कर्ट कोणी जप्त केलेला नाही, सई. तो तुझ्या कपाटात आहे. त्याला आपल्या हातांनी नष्ट मुद्देमाल करू नकोस.

आता कामाचं. तुझ्याबाबत जे घडलं तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७४: स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने हल्ला किंवा बळाचा वापर, शिक्षा एक ते पाच वर्षं. नुसते घाणेरडे शब्द किंवा हावभाव असले तरी कलम ७९ आहे, पाठलागासाठी ७८. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून ते परत पाठवू शकत नाहीत. तुझी फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते आणि तिची प्रत तुला फुकट मिळते. कलम ७४चा गुन्हा नोंदवून घ्यायला नकार देणारा पोलीसच कलम १९९ खाली शिक्षेला पात्र ठरतो. त्या क्षणी मदत हवी असेल तर ११२ फिरव. तीन दिवस उलटले म्हणून हक्क गेलेला नाही, उशिराचं कारण खरं असलं की न्यायालय ते समजून घेतं. मात्र स्टॉपजवळच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्यातलं चित्रण फार दिवस राहत नाही, म्हणून आता वेळ घालवायचा नाही.

शेवटी त्या सात-आठ माणसांविषयी. इतक्या खटल्यांत मला पंच मिळाले, डॉक्टर मिळाले, अहवाल मिळाले. सगळ्यांत दुर्मिळ होता तो साक्षीदार, म्हणजे रस्त्यावरचा कोणीतरी जो येऊन सांगेल, की हो, मी तिथे होतो, मी पाहिलं. एका खटल्यात रसवंतीवाल्या बाई आल्या होत्या. तीन तारखांना धंदा बुडवून आल्या आणि बचावाच्या वकिलाला म्हणाल्या, “पोरीनं काय घातलं होतं ते मी बघितलं नाही, त्यानं काय केलं ते बघितलं.” आरोपीला शिक्षा झाली. मला न्यायालयात ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत हे वाक्य मोठं वाटतं. उद्या तुझ्यासमोर दुसऱ्या कोणा मुलीवर अशी वेळ आली तर तू त्या रसवंतीवाल्या बाईंच्या जागी उभी राहा. मोठ्याने बोल, तिच्या शेजारी जा, नाव-पत्ता द्यायला कचरू नकोस. चालत निघून जाणाऱ्याची ती खात्री मोडायची असेल तर ती अशीच मोडते.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येते. सोमवारी दहा वाजता आपण दोघी पोलीस ठाण्यात जाऊ, आईलाही बरोबर घेऊ. चादरींखालचा तो निळा स्कर्ट काढून इस्त्री करून ठेव. फिर्याद द्यायला तोच घालून ये. मी तुझ्या शेजारी बसेन.

घरी सर्वांना माझा नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुझी,
मावशीआजी